टोटोलोचा पाहुणचार

सावुसावूच्या ऑफिसातल्या माणसांमध्ये उत्साह उरलेला नाही, ही बातमी सावुसावूला फिजीच्या राजधानीतून, सुवाहून, कळली. तोवर इथे कुणाला तशी शंकाही आली नव्हती. माणसं दमलेली होती, हे खरं. पण दमणं वेगळं आणि उत्साह नसणं वेगळं, हे कळायला मुख्य कचेरीत बसावं लागतं आणि डोक्यावर एसी लागतो.

ब्लू हेरन शिपिंगचं सावुसावूचं ऑफिस म्हणजे धक्क्याशेजारची पत्र्याची लांबट खोली. मॅनेजर परमेश नंद, काउंटरवर माकेरेता, गोदामात तोमासी आणि फोर्कलिफ्टवर जोएली, एवढाच संसार. दालोच्या, म्हणजे अळूच्या कंदांच्या, गोण्या, गाद्या, फ्रीज, शवपेट्या, लग्नाची भांडी आणि जिवंत डुकरं सुवाच्या बोटीत चढवायची आणि सुवाहून आलेलं उतरवून घ्यायचं, हे त्यांचं काम. ते वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललं होतं. मग कंपनीने सुधारणा सुरू केल्या.

पहिली सुधारणा कॉम्प्युटरवर आली. ती नीट अंगवळणी पडायच्या आत तिला जुनी ठरवून दुसरी आली, हातात धरायच्या पाटीवर. प्रत्येक सुधारणेबरोबर प्रशिक्षण, नवा पासवर्ड आणि एक टी-शर्ट यायचा. पहिल्या टी-शर्टावर लिहिलं होतं ‘उद्या आजच’. दुसऱ्यावर ‘आपण सारे एकाच नावेत’, जे जहाज कंपनीत निदान खोटं तरी नव्हतं. जोएली दोन्ही फोर्कलिफ्ट पुसायला वापरायचा, आणि दुसरा तेल जास्त शोषतो असं त्याचं मत होतं.

त्या पाटीवर माल नोंदवताना यादीतून प्रकार निवडावा लागे. यादीत ‘डुक्कर’ नव्हतं. ‘पियानो’ होता. सावुसावूतून आजवर एकही पियानो कुठे गेलेला नाही, पण यादी करणाऱ्याला आशा असावी. माकेरेताने बराच विचार करून डुकराला ‘प्रवासी, लहान’ या रकान्यात घातलं. डुकराला खिडकीजवळची जागा मिळाली. बोट सुवाला लागल्यावर कंपनीकडून मेसेज गेला, ‘आपला प्रवास कसा झाला?’ ज्याच्याकडे डुक्कर पोचलं होतं त्या गृहस्थाने इमानदारीत उत्तर दिलं, ‘उत्तम. रविवारी जेवणात संपला.’ त्यावर सुवाहून परमेशला खुलासा मागवला गेला. मुलांच्या सुरक्षेच्या खात्याकडून.

तर अशा माणसांच्या उत्साहाची मोजणी कंपनीने सुरू केली. दर शुक्रवारी संध्याकाळी पाटीवर पाच चेहरे उमटायचे. एक रडका, एक पडेल, एक धड ना इकडचा ना तिकडचा, एक हसरा आणि एक बत्तीशी काढलेला. आपापला चेहरा दाबायचा. शुक्रवारी संध्याकाळी, आठवड्याची सगळ्यात मोठी बोट भरून झाल्यावर, घामाने निथळत तोमासी यायचा आणि रडका दाबून जायचा. जोएली रडका दाबायचा. माकेरेताही.

“अगं, निदान तू तरी हसरा दाब,” परमेश काकुळतीला येऊन म्हणाला.

“बॉस, त्यांनी विचारलं कसं वाटतंय. मी सांगितलं. रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत गाते मी. शुक्रवारी खोटं दाबू?”

स्वतः परमेश दर वेळी बत्तीशीवाला दाबत असे, आणि त्या वेळी त्याचा चेहरा त्या पाचांतल्या पहिल्यासारखा असे.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एक दिवस सुवाहून जनरल मॅनेजर कितिओनेचा फोन आला. कितिओने माणूस सज्जन, परमेशच्याच शाळेतला, आणि म्हणूनच वाईट बातमी त्याच्याकडून ऐकताना रागही धड येत नसे.

“परमेश, वर्षअखेरपर्यंत चेहऱ्यांच्या तक्त्यात तुझं ऑफिस लाल राहिलं, तर सावुसावू लाबासाच्या शाखेखाली जाईल. काउंटर तिकडून चालेल.”

“म्हणजे मी?”

“तू विजेंद्रच्या हाताखाली.”

परमेशने फोन दुसऱ्या कानाला लावून पाहिला. लाबासाचा मॅनेजर विजेंद्र हा त्याचा शाळेपासूनचा जोडीदार, म्हणजे आयुष्यभराचा वैरी. दोघांनी एका बाकावर बसून एकमेकांच्या उत्तरपत्रिकेत डोकावलं होतं आणि एकाच वेळी नापास झाले होते. आता विजेंद्र रोज संध्याकाळी चौकशीला फोन करायचा.

“कसं काय रे? अजून रडतातच का तुझी माणसं? आमच्याकडे सगळ्यांनी बत्तीशी काढलीय. काय आहे परमेश, वरून झिरपत येतं ते.”

“तुझी माणसं तुला घाबरून हसतात.”

“हसतात ना पण?”

घरी परमेशने बायकोला, प्रेमिलाला, सगळं सांगितलं. ती रोटी लाटत होती. तिने लाटणं थांबवलं नाही.

“अहो, तुमच्याच तोंडावर उत्साह नाही, तर त्यांना कुठून आणून देणार? घरात शिरताना तुम्ही असे शिरता की कुत्रासुद्धा उठून जातो.”

शेजारचा हनीफ गॅरेजवाला कुंपणावरून ऐकत होता. हनीफ नेहमी कुंपणावरून ऐकत असे. ते कुंपण तेवढ्यासाठीच कमरेएवढं ठेवलं असावं. “परमेशभाई, माणसाला बकऱ्याची करी घाला. माझ्या गॅरेजमध्ये मी वर्षातून एकदा घालतो, माणसं वर्षभर गप्प.”

“गप्प नको आहेत, हनीफ. उत्साही हवीत.”

“ते मग अवघड आहे,” हनीफ म्हणाला आणि गंभीर चेहऱ्याने घरात गेला.

दरम्यान सुवाने उत्साहासाठी खास माणूस नेमला होता. ब्रिस्बेनची लिऑनी. हुद्दा ‘बदलाची सोबती’. ती स्क्रीनवर यायची, पाठीमागे पांढरीशुभ्र भिंत आणि कुंडीत एक झाड, आणि तिचे दात पाहून मोबाइलचा उजेड कमी करावा लागे. ती म्हणाली, सकाळी कामाआधी सगळ्यांनी गोलात उभं राहायचं आणि एक काल्पनिक चेंडू एकमेकांकडे फेकायचा. त्याने शरीर जागं होतं.

आता ज्या देशात चालायला लागल्याबरोबर मूल रग्बी खेळतं, तिथे असला व्यायाम सांगणं म्हणजे पेट्रोलच्या टाकीशेजारी उदबत्ती लावण्यासारखं होतं. परमेशने काल्पनिक चेंडू माकेरेताकडे टाकला. तिने तो छातीशी धरला, एक हुलकावणी देऊन तोमासीकडे दिला. तोमासी साठीला आलेला, पण चेंडू हातात पडताच तो दारातून बाहेर निसटला, धक्क्याच्या टोकापर्यंत पळाला आणि तिथे त्याने चेंडू जमिनीला टेकवून गुण घेतला. मासे विकणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना तो चहाला थांबला. चेंडूही त्याच्याकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी परमेशने नवीन चेंडू काढला, आणि तो कुणाकडे टाकावा या विचारात क्षणभर हातात धरून उभा राहिला. तेवढ्यात जोएलीने त्याला कमरेत धरून आडवा पाडला. चष्मा काउंटरखाली गेला.

“चेंडू तुमच्याकडे होता, बॉस,” जोएली त्याला उठवत म्हणाला.

मग लिऑनीने सांगितलं, माणसांना काय हवं ते विचारा. परमेशने विचारलं. तिघांनीही एकच मागितलं. पंखा. पत्र्याच्या खोलीत एक पंखा होता, तो परमेशच्या टेबलावर, आणि तोही मान फिरवायचा बंद झाला होता. परमेशने मागणी सुवाला पाठवली. सुवाहून तीन मऊ रबरी गोळे आले, ताण आला की हातात दाबायचे. माकेरेताने आपला गोळा नातवाला दिला.

मग गाणं झालं. ‘एकत्र गायल्याने मनं जुळतात’ असं लिऑनी म्हणाली. फिजीत माणसांना एकत्र गायला शिकवणं म्हणजे बदकाला पोहायला शिकवण्यासारखं. माकेरेताने सूर लावला, तोमासीने खालचा धरला, आणि काउंटरसमोरच्या रांगेतले लोकही त्यात मिसळले. इतकं सुंदर गाणं त्या पत्र्याखाली कधी झालं नसेल. फक्त ते गाणं माणूस गेल्यावर म्हणायचं होतं. गाऊन झाल्यावर रांगेतल्या दोन म्हाताऱ्या डोळे पुसत काउंटरपाशी आल्या आणि कोण गेलं ते विचारू लागल्या. त्या शुक्रवारी चारही चेहरे रडके होते, कारण या वेळी परमेशलाही भरून आलं होतं.

वर्षअखेर जवळ येत चालली. आणि अशात तिसरी सुधारणा बोटीने आली.

हिचं नाव टोटोलो, म्हणजे ‘जलद’. ती दीड महिना उशिरा आली, कारण आपल्याच कंपनीने तिला चुकून तावेउनी बेटावर उतरवलं होतं. माणसाएवढं उंच यंत्र, वर चेहऱ्याच्या जागी काच. गिऱ्हाईकाने काचेवर बोटं लावून आपला माल आपणच नोंदवायचा. काउंटरवर माणूस लागणार नाही, हे पत्रकात शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं. तसली गोष्ट नेहमी तिथेच लिहितात.

लिऑनी स्क्रीनवर आली. “परमेश, टोटोलोला लादलेली वस्तू वाटू देऊ नका. तुमच्या पद्धतीने स्वागत करा. सन्माननीय पाहुण्यासारखं! आणि फोटो पाठवा.”

इथे परमेशच्या डोक्यात प्रकाश पडला. आयुष्यात त्याच्या डोक्यात जेव्हा जेव्हा प्रकाश पडला, तेव्हा तेव्हा नंतर कुणीतरी वायरिंग तपासायला आलं होतं, पण ते त्याला त्या क्षणी आठवलं नाही. कुणाच्या दारात पहिल्यांदा गेलं की पाहुण्याने यांगोनाच्या, म्हणजे गुंगी आणणाऱ्या झुडपाच्या, मुळ्यांची जुडी पुढे ठेवायची, यजमानांनी ती स्वीकारायची, मग काथवटीत यांगोना कालवून सगळ्यांनी प्यायची. या सेवुसेवुशिवाय इथे कुणी कुणाच्या ओसरीवर चढत नाही. यंत्राला हात नाहीत, तर त्याच्या वतीने आपण जुडी ठेवू. तोमासीच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गावप्रमुखाच्या वतीने बोलायचा मान. तो स्वीकारेल. माणसं खूश, फोटो सुंदर, शुक्रवारी बत्तीशी.

परमेशने बाजारातून चांगली जाड जुडी आणली, वर्तमानपत्रात गुंडाळून लाल फीत बांधली. शुक्रवारी बोट गेल्यावर ऑफिसात चटया अंथरल्या. परमेशने मांडी घालून, लहानपणापासून ऐकलेले शब्द आठवून, टोटोलोच्या वतीने जुडी पुढे केली. तोमासीने डोळे मिटून इतकं भारदस्त उत्तर दिलं की ते संपेपर्यंत सगळ्यांच्या पायांना मुंग्या आल्या. त्याने टोटोलोचे पूर्वज, त्याचा समुद्रप्रवास आणि तावेउनीला झालेली त्याची गैरसोय, सगळ्यांचा आदराने उल्लेख केला. मग खोलगट हातांच्या टाळ्या झाल्या आणि स्वीकार पक्का झाला.

पहिली करवंटी पाहुण्याची. ती जोएलीने टोटोलोपुढे धरली. टोटोलो प्यायला नाही.

“त्याच्या वतीने कोण बोललं?” तोमासीने विचारलं.

सगळ्यांनी परमेशकडे पाहिलं. मग प्रत्येक फेरीत परमेशला एक स्वतःची आणि एक टोटोलोची, अशा दोन दोन करवंट्या प्याव्या लागल्या. थोड्याच वेळात त्याची जीभ बधिर झाली, ओठ कुणा दुसऱ्याचे वाटू लागले, आणि नेमका तेव्हाच लिऑनीचा फोन आला. ती काय विचारत होती ते त्याला नीट कळलं नाही. त्याला एकच शब्द धड उच्चारता येत होता, तो ‘हो’. तो त्याने पुष्कळदा उच्चारला. जोएलीने त्याला घरी सोडलं. प्रेमिलाने दार उघडून त्याच्याकडे पाहिलं.

“आज चेहऱ्यावर निदान शांती तरी आहे,” ती म्हणाली.

सोमवारी परमेश ऑफिसात आला तर त्याचं टेबल दाराजवळ हलवलेलं होतं. आतली, समुद्राकडे पाठ असलेली मानाची जागा टोटोलोला दिली होती. त्याच्या गळ्यात फुलांचा हार, पायाशी रंगीत लोकरीच्या काठाची नवी चटई. आणि वायर भिंतीतून काढून व्यवस्थित गुंडाळून ठेवलेली.

“हे बंद का आहे?”

“लांबून आलाय, बॉस. दमला असेल,” माकेरेता म्हणाली.

“अगं, यंत्र आहे ते! त्याला काम करायला आणलंय!”

तोमासी गोदामातून हात पुसत आला. तो कधी आवाज चढवत नसे, त्यामुळे त्याच्याशी भांडण करायची सोय नव्हती.

“बॉस, काम करायला येणारा जुडी आणत नाही. काम करायला येणारा अर्ज आणतो. जुडी पाहुणा आणतो. तुम्हीच ठेवलीत, मी स्वीकारली. आता पाहुण्याला दालोच्या गोण्या मोजायला लावू? गावात तोंड दाखवायला जागा राहील?”

“तोमासीमामा, मी तसं म्हणालो नव्हतो हो.”

“काय म्हणालात ते सगळ्यांनी ऐकलंय. फोटोही आहेत.”

परमेशने दातओठ खाऊन स्वतःच वायर जोडली. काच उजळली. त्याने पहिलं बटण दाबायला बोट पुढे केलं, तेवढ्यात रांगेतून एक म्हातारी किंचाळली.

“अरे, तुझ्या आईने काही शिकवलं नाही का तुला? पाहुण्याच्या डोक्याला हात लावतोस?”

दुसऱ्याच्या डोक्याला हात लावणं याच्याइतकी वाईट वागणूक या बेटांवर नाही, हे परमेशला बोलायला लागण्याआधीपासून माहीत होतं. आणि ब्रिस्बेनच्या कुणा शहाण्याने सगळी बटणं नेमकी डोक्यावर बसवली होती. परमेशने बोट मागे घेतलं आणि तेच बोट कानात घालून खाजवल्यासारखं केलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते त्याच्या हातात राहिलं नाही. सुवाचा पाहुणा आलाय हे गावोगाव कळलं, आणि माल टाकायला येणारी माणसं त्याला बघायला दोन पावलं आत यायला लागली. कुणी चटई आणली, कुणी कसावा, कुणी तेलाची बाटली. तीन गावांच्या बायकांत पाहुण्याला कुणाची चटई वर अंथरायची यावरून बोलणं बंद झालं. माकेरेता सकाळी लवकर येऊन पाहुण्याभोवती झाडू लागली. जोएली अंघोळ करून येऊ लागला. दर शुक्रवारी पाहुण्याच्या मानार्थ काथवट बसायची, परमेश दोघांचं प्यायचा, आणि मग सगळे उठून रांगेने चेहरे दाबायचे. बत्तीशी, बत्तीशी, बत्तीशी, बत्तीशी.

सुवाच्या तक्त्यात ऑफिस लालचं हिरवं झालं. लिऑनीने फोटो सगळ्या शाखांना पाठवले. तेवढ्यात तिकडच्या तांत्रिक खात्याला काळजी वाटली की पत्र्याच्या खोलीत यंत्र तापेल, आणि पुढच्या बोटीने पंखा आला. मोठा, उभा, मान फिरवणारा. माणसांनी मागितला तेव्हा रबरी गोळे आले होते. यंत्राने न मागता मिळवला. माकेरेताने तो उलगडताना खोक्यावरचा पत्ता दोनदा वाचला, ‘टोटोलो, सावुसावू’. मग सगळ्यांनी आपापल्या खुर्च्या पाहुण्याजवळ ओढल्या. परमेश तेवढा दाराजवळ उकडत राहिला.

विजेंद्रचा फोन यायचा थांबला होता. म्हणून एकदा परमेशनेच केला.

“काय म्हणतोस? आमच्याकडे हिरवंगार आहे बाबा.”

“ऐकलं. पण तुझ्या यंत्रावर एकही नोंद नाही म्हणे? आमचं बघ. माणसं रांगेत उभी राहून बोटं लावतात. लाबासातली माणसं पुढारलेली.”

हे नोंदींचं सुवाच्याही लक्षात आलं होतं. एके दिवशी कितिओने आणि लिऑनी दोघंही विमानाने थेट सावुसावूत. परमेशने त्या दिवशी इस्त्रीचा फुलाफुलांचा शर्ट घातला होता आणि तो सकाळीच पाठीला चिकटला होता.

लिऑनी प्रत्यक्षात स्क्रीनवरच्यापेक्षा बुटकी आणि पुष्कळ दमलेली निघाली. तिने हार पाहिला, चटयांची चळत पाहिली, गुंडाळलेली वायर पाहिली.

“हे चालू का नाही?”

तोमासीने सगळं सांगितलं. कितिओने ऐकत होता. त्याच्या चेहऱ्यावरून जनरल मॅनेजर हळूहळू उतरत गेला आणि मागे कुण्या गावच्या घराण्यातला मुलगा उरला. त्याने बूट काढले आणि चटईवर बसला.

“स्वीकार झालाय?” त्याने विचारलं.

“झालाय.”

“मग कठीण आहे,” कितिओने म्हणाला.

“काय कठीण आहे? वायर जोडायची आहे फक्त!” लिऑनी म्हणाली.

“पाहुणेपण सोडवायला हवं,” तोमासी म्हणाला. “ज्यांनी पाठवलं त्यांनी यावं आणि रीतसर मागणं घालावं. देवमाशाचा दात घेऊन. साध्या जुडीवर हे होणार नाही. आता तीन गावं यात आहेत.”

कितिओनेने मान डोलावली. त्याला ते पटलेलं होतं, हेच परमेशला सगळ्यात भयंकर वाटलं. मग त्याने लिऑनीला दाताची खरेदी नोंदवायला सांगितली. टोटोलो हे नुसतं यंत्र नव्हतं, कंपनीची सगळी खरेदीही आता त्याच नावाच्या प्रणालीतून व्हायची. लिऑनीने आपल्या मोबाइलवर टोटोलो उघडलं आणि प्रकारांची यादी वर खाली केली. बराच वेळ केली.

“दात नाही यात,” ती म्हणाली. “दंतवैद्यकीय खर्च आहे.”

“मासे?”

“गोठवलेले.”

“नवीन प्रकार वाढवता येईल ना?”

“येईल. त्यासाठी विनंती टाकावी लागते. ती सावुसावूच्या यंत्रावरून मंजूर व्हावी लागते. कारण मागणी सावुसावूची आहे.”

सगळ्यांनी सावुसावूच्या यंत्राकडे पाहिलं. पंखा त्याच्यावरून फिरून गेला आणि हार जरासा हलला. लिऑनी मग त्याच चटईवर बसली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. माकेरेताने तिच्यापुढे करवंटी धरली.

“बाई, तू आम्हाला दर शुक्रवारी विचारतेस. तुझा चेहरा कुठला?”

लिऑनीने करवंटी संपवली आणि तोंड वाकडं केलं.

“दुसरा,” ती म्हणाली. “पडेल. सहा बेटं, नऊ ऑफिसं, आणि मलाच अजून टोटोलो नीट येत नाही.”

जोएलीने तिला आणखी एक दिली. त्या दिवशी दोघांचं विमान चुकलं, आणि त्याबद्दल कुणी खुलासा मागितला नाही.

दाताची विनंती तेव्हापासून अडकलेली आहे. माकेरेता काउंटरवर पूर्वीसारखी वहीत माल नोंदवू लागली, डुकराला डुक्कर म्हणून. काम होत होतं, चेहरे हिरवे होते, आणि परमेशला पहिल्यांदाच रात्रीची झोप लागू लागली. हनीफने कुंपणावरून गुपित विचारलं. परमेशने गंभीरपणे सांगितलं, “माणसांवर विश्वास टाकावा लागतो.” हे सांगताना त्याला अजिबात लाज वाटली नाही.

मग वर्ष संपता संपता कितिओनेचा फोन आला.

“परमेश, लाबासा तुझ्याखाली येतंय.”

परमेश उभाच राहिला. “विजेंद्रचं ऑफिस? पण ते तर पहिल्यापासून हिरवं. त्यांचं यंत्र तर...”

“चालतंय. उत्तम चालतंय. सगळी नोंद लोक आपली आपण करतात. मग संचालकांनी विचारलं, तिथे माणसं कशाला? तुझ्याकडे अजून लागतात. म्हणून तुझं काउंटर राहिलं.”

फोन ठेवल्यावर परमेशने जे घडलं त्याचा आनंद करायचा प्रयत्न केला. इतक्या वर्षांचा हिशेब चुकता झाला होता. विजेंद्र आला की त्याला काय म्हणायचं, ते त्याने अंघोळ करताना, जेवताना, आरशासमोर दोनतीन प्रकारे म्हणून पाहिलं. ‘वरून झिरपत येतं रे’ हा प्रकार त्याला सगळ्यात आवडला. प्रेमिलाने ऐकलं आणि पहिल्यांदाच लाटणं थांबवलं.

“बोलून बघा,” ती म्हणाली. “घशात अडकेल.”

विजेंद्र शुक्रवारी लाबासाच्या बसने आला. एका पिशवीत ऑफिसच्या चाव्या, शिक्के आणि काउंटरवरची घंटी. दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात बांधलेली जुडी. तो दारात थांबला, चपला काढल्या, आणि तोमासीने जुडी स्वीकारेपर्यंत आत पाऊल टाकलं नाही. त्याचा शर्ट इस्त्रीचा होता, पण कॉलरला एक बटण नव्हतं. परमेशला आरशासमोरचं एकही वाक्य सुचलं नाही.

“बस ना,” तो म्हणाला. “इथे बस, वारा लागेल.”

विजेंद्र पंख्यासमोर बसला. “चाव्या द्यायच्या होत्या. पोस्टाने पाठवल्या असत्या तरी चाललं असतं म्हणा.”

“बरं केलंस आलास. आता काय करणार?”

“मुलगी ऑकलंडला ये म्हणते. तिथे थंडी असते म्हणतात.” त्याने मान वर करून टोटोलोकडे पाहिलं. ताजा हार, शेजारी चटयांची चळत, पायाशी गुंडाळलेली वायर.

“हे काम करतं?”

“नाही रे,” परमेश म्हणाला. “कधी केलंच नाही.”

“आमचं फार छान करायचं,” विजेंद्र म्हणाला.

तोमासीने काथवट पुढे ओढली. माकेरेताने करवंटी काठोकाठ भरली आणि या वेळी ती टोटोलोपुढे न नेता आधी विजेंद्रच्या हातात दिली.